दोनशे चौदा पायऱ्यांचं गाव

आमच्या घरमालक म्हाताऱ्याचं गाव मी कधी पाहिलं नाही, आणि आता पाहायची हिंमतही होत नाही. इटलीच्या दक्षिणेला समुद्राकाठी, नकाशात नाव लिहायला जागा मिळू नये एवढं लहान गाव. पण आजही मला तिथे डोळे बांधून सोडा, बंदरापासून चर्चपर्यंतच्या दोनशे चौदा पायऱ्या न ठेचकाळता चढून जाईन. अर्ध्यावर दम लागला की डाव्या हाताला कारंजं आहे. कारंज्यावर दगडी सिंह आहे आणि त्याला एकच कान आहे. दुसरा चाच्यांनी तोडला. त्या दिवशी मंगळवार होता. माझ्या स्वतःच्या गावाबद्दल मला इतकं ठामपणे काही सांगता येत नाही, कारण माझ्या गावावर माझी परीक्षा कोणी घेतली नव्हती.

गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. लिहिलं की शेजारच्या गावचं कोणीतरी भेटणार आणि वाद घालणार. त्या वादाची चव मी तीन वर्षं घेतली आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी गुहागरकडचा आणि मुकुंद नागपूरचा, असे आम्ही दोघं न्यू जर्सीत एम. एस. करायला आलो होतो आणि भाड्याचं बेसमेंट शोधत फिरत होतो. म्हाताऱ्याने दार उघडलं. ठेंगणा, रुंद, बोटं सिमेंटने कायमची खरखरीत झालेली. आयुष्यभर त्याने गवंडीकाम केलं होतं आणि न्यू जर्सीतल्या त्या गावातले निम्मे फूटपाथ त्याच्या हातचे होते. त्याने आमची कागदपत्रं मागितली नाहीत, स्वयंपाकाचा वास किती येईल तेही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, "समुद्राकाठचे आहात का?"

मी म्हटलं, हो, अगदी काठावरचे. लाटांचा आवाज ऐकत झोपणारे.

"आणि हा?"

मुकुंदच्या गावापासून समुद्र आठशे किलोमीटर. पण तो प्रसंगावधानी. "आमच्याकडे तलाव आहे," तो म्हणाला. "फुटाळा."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

आपसांत आम्ही त्याला म्हातारा म्हणत असू. त्याच्या बायकोला मात्र पहिल्या दिवसापासून काकू, आणि बोलणं अहोजाहो. असं का, ते सांगता येत नाही. त्यांचा दरारा असा होता की त्यांच्यामागेही एकेरी उल्लेख करायला जीभ वळत नसे.

घराच्या मागे म्हाताऱ्याने आपलं गाव बांधून ठेवलं होतं. खरंच बांधलं होतं. सिमेंटमध्ये, गुडघाभर उंचीचं. टेहळणीचा बुरूज, चर्च, पायऱ्या, कारंजं, सिंह. बंदर म्हणून कपडे धुवायचा जुना टब जमिनीत पुरून पाण्याने भरलेला. सभोवती टोमॅटोची रोपं, ते डोंगर. पाहुणा आला की त्याला आधी मागच्या अंगणात नेऊन गाव दाखवलं जाई, मग खुर्ची मिळे. वीज कंपनीचा मीटर बघायला येणारा माणूस तेवढा हुशार होता. तो कुंपणाबाहेरूनच आकडे वाचून पळ काढायचा.

अमेरिकेतली कुठलीही गोष्ट म्हाताऱ्याला पुरेशी वाटत नसे. एकदा तो आम्हाला गाडीत घालून अटलांटिक महासागर दाखवायला घेऊन गेला. किनाऱ्यावर उभा राहून त्याने हात पसरला आणि म्हणाला, "बघा. नुसतं पाणी." मग परत आलो. त्याच्या गावच्या समुद्रात म्हणे एक गुहा होती. सकाळी दहा वाजता तिच्यात ऊन शिरलं की आत गेलेला माणूस निळा दिसायचा. नऊला गेलं तर नाही, अकराला गेलं तरी नाही.

"आणि ढग आले तर?" मुकुंदने विचारलं.

"दहा वाजता ढग येत नाहीत."

एवढं वेड, तर एकदा जाऊन का येत नाही? पुतण्याने तिकडून पत्र लिहिलं होतं की बंदराजवळ आता गाड्यांसाठी पार्किंग झालंय. म्हाताऱ्याने ते पत्र फाडलं. म्हणाला, "गेलो तर सगळं पुन्हा नीट करत बसावं लागेल. या वयात जमणार नाही."

हिवाळ्यात त्या गावाची एक शाखा आमच्या खोलीत उघडायची. म्हाताऱ्याकडे पिंपात लावलेलं लिंबाचं झाड होतं. कलम मूळ गावचंच, कोटाच्या अस्तरात लपवून आणलेलं. थंडी पडली की ते आमच्या बेसमेंटमध्ये, माझ्या पलंगाशेजारी मुक्कामाला येई. झाडाला उजेड हवा म्हणून आमचा दिवा चालू राही, आणि झाडाला वारा लागू नये म्हणून आमची खिडकी बंद राही. एका रविवारी मुकुंदने पोहे केले. कांदा होता, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली मोहरी होती, लिंबू नव्हतं. म्हणजे बाजारातलं नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी म्हातारा झाडाला पाणी घालायला खाली आला आणि थबकला. "सात होती."

मुकुंद उठून उभा राहिला. "आय ॲम सॉरी. मी एक घेतलं. पोह्यांवर."

म्हाताऱ्याने उरलेली लिंबं पुन्हा मोजली. मग म्हणाला, "कसं होतं?"

"गुड," मुकुंद म्हणाला.

"गुड? नुसतं गुड?"

चोरीचं त्याला काहीच वाटलं नव्हतं, पण त्या 'गुड'ने तो आठवडाभर दुखावलेला होता. शेवटी मीच मुकुंदला वर पाठवून 'असं लिंबू जन्मात खाल्लं नाही' असं म्हणवून घेतलं. तेव्हा म्हाताऱ्याने आणखी दोन तोडून दिली.

म्हाताऱ्याची व्याख्यानं चालू असताना वरून, हीटिंगच्या जाळीतून, काकूंचा आवाज यायचा. कारण काकू शेजारच्या गावच्या. दोन गावांमध्ये एक ओढा, ओढ्यावर पूल, आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांची तेढ. म्हातारा सांगायचा, चाच्यांनी आमच्या चर्चची घंटा पळवली, तिच्या वजनाने त्यांचं जहाज बुडालं, वादळात ती घंटा अजून पाण्याखाली वाजते. लगेच जाळीतून आवाज यायचा, "ती घंटा आमची होती! चाचे आमच्याकडे आले होते. चोरण्यासारखं आमच्याकडेच होतं. तुमच्याकडे ते वाट चुकून आले."

म्हातारा जाळीकडे बघून हात उडवायचा आणि आवाज खाली आणून पुढे सांगायचा.

हे सगळं हसण्यावारी जायचं. एक गोष्ट मात्र हसण्यावारी जात नसे, ती म्हणजे त्याच्या गावचा संत.

त्या गावाहून आलेल्या लोकांचं इथे एक मंडळ होतं आणि त्यांनी चर्चमध्ये आपल्या संताची लाकडी मूर्ती बसवली होती. उंच टोपीचा बिशप, हातात मासा. दर ऑगस्टमध्ये एका रविवारी लाकडी चौरंगावर बसवून, आठ जणांच्या खांद्यांवर त्याची मिरवणूक निघे. ती आमच्या घरावरून जात असे. आणि दरवर्षी त्या वेळेला काकू घराच्या सगळ्या खिडक्या लावून, पडदे ओढून घेत. आम्ही राहायला आलो त्या वर्षी मी हे डोळ्यांनी पाहिलं. बाहेर बँड वाजतोय, म्हातारा मिरवणुकीच्या पुढे चालतोय, आणि त्याच्याच घराच्या खिडक्या धडाधड बंद होतायत.

कारण मला काकूंनीच सांगितलं, वांगी तळता तळता. त्या आठ वर्षांच्या असताना दोन्ही गावांचे संत एकदा पुलावर समोरासमोर आले. पूल एका संतापुरता रुंद. मागे कोणी सरायचं? दोन्हीकडचे लोक भर उन्हात तसेच उभे. संध्याकाळी काकूंच्या वडिलांना भोवळ आली. ते खांदेकऱ्यांत होते. म्हणून त्यांच्या संताला मागे यावं लागलं. पलीकडचे लोक टाळ्या वाजवून हसले. "त्यानंतर मी त्यांच्या संताचं तोंड बघितलेलं नाही," काकू म्हणाल्या, "आणि लग्न करताना याला तसं सांगितलं होतं."

आमच्या तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, म्हातारा खाली आला आणि पिंपाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. मंडळाची पोरं कोणी कॅलिफोर्नियाला गेली होती, कोणी फ्लोरिडाला. जे उरले त्यांतल्या दोघांच्या कमरा गेल्या होत्या. आठाचे सहा झाले होते. नवीन फादर तरुण होता आणि व्यवहारी होता. तो म्हणाला होता, या वर्षी आठ खांदे मिळाले नाहीत तर संताला छोट्या ट्रकवरून फिरवू, किंवा आतच राहू देऊ.

"ट्रकवर!" म्हातारा म्हणाला. "संत म्हणजे काय फ्रिज आहे?" मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. मला वाटायचं, एखाद्या वर्षी ती एक खिडकी उघडी ठेवेल. मोठी नको, स्वयंपाकघराची चालेल. आता संतच आत बसला तर ती उघडणार कशाला?"

त्याला इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "आम्ही उचलतो ना."

"काय बोलून राहिला बे?" मुकुंद मराठीत कुजबुजला. "आपल्याकडे खांदा देतात तो वेगळ्या कामाला."

पण नियम आडवा आला. खांदा द्यायचा तर माणूस त्या गावचा हवा. म्हाताऱ्याने रात्रभर डोकं चालवलं असावं, कारण सकाळी तो तोड घेऊन आला. चाचे पूर्वेकडून आले होते. आम्हीही पूर्वेकडचेच. चाचे गावात तीन दिवस राहिले होते. "म्हणजे तुमचं नातं आहेच," तो म्हणाला. "दूरचं आहे, पण आहे."

मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे नव्वदीच्या एक आजी, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांत. त्यांनी आमची तोंडी परीक्षा घेतली. पायऱ्या किती, कारंजं कुठल्या हाताला, अँचोव्ही मासे मिठात किती दिवस मुरवायचे. मी धडाधड उत्तरं दिली. मग त्या मुकुंदकडे वळल्या. "सिंहाचा कान कोणी तोडला?"

मुकुंदने मान खाली घातली. "आमच्या लोकांनी. व्हेरी सॉरी."

आजी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आम्ही पास झालो.

मग तालीम. म्हाताऱ्याने ड्राइव्ह-वेवर एक शिडी आडवी टाकली, तिच्यावर मातीच्या पिशव्या रचल्या आणि आठ जणांना खाली घातलं. त्याच्या हातात लाकडी हातोडा असे. चौरंगाच्या दांड्यावर एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे उचला, तीन म्हणजे चाला. हा हातोडा चालवायचा मान त्याचा, एकवीस वर्षांपासूनचा. मला उजवीकडे पुढे ठेवलं, माझ्या मागे मुकुंद. डावीकडे पुढे एक निवृत्त न्हावी होता. त्याला ऐकू कमी येई, त्यामुळे तो ठोक्यांपेक्षा माझ्या पायांकडे बघून चाले.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते आणि ती नाचवतात. ढोल वाजला की खांदे आपोआप हलतात, ते काही कोणी शिकवत नाही. म्हाताऱ्याने ताल धरायला टेपरेकॉर्डरवर बँड लावला, आणि मातीच्या पिशव्या डावी-उजवीकडे डुलायला लागल्या. न्हावी माझं बघून डुलायला लागला.

"थांबा!" म्हातारा किंचाळला. "तो बिशप आहे! बिशप नाचत नाहीत!"

पुढचे पंधरा दिवस मी खांदे घट्ट धरून चालायला शिकलो. नाच गेला एकदाचा, असं म्हाताऱ्याला वाटलं, आणि मलाही. पायांचा विचार दोघांनीही केला नव्हता.

तो रविवार कडक उन्हाचा होता. पांढरे शर्ट, कमरेला निळा पट्टा. संताचं वजन मातीच्या पिशव्यांच्या दीडपट निघालं. मागून मुकुंद दर दहा पावलांनी माझ्या आईवडिलांची चौकशी करत होता. पुढे बँड, मागे जपमाळा घेतलेल्या बाया, बाजूला फादर घड्याळ बघत. म्हातारा सगळ्यांच्या पुढे, हातोडा छातीशी धरून. आमच्या रस्त्याला लागलो तेव्हा डोळ्यांत घाम उतरला होता आणि मला फक्त पायाखालचा फूटपाथ दिसत होता. फूटपाथ ओळखीचा होता, रोजचा होता. मग ड्राइव्ह-वेचा उतार आला.

आता हे परक्याला कसं सांगू? आमच्या पालखीची तऱ्हाच अशी की माणसांनी देवाकडे जायचं नसतं, त्या दिवसांत देव माणसांकडे येतो. घरोघर. गरिबाच्या अंगणात, भांडलेल्या भावकीच्या अंगणात, सगळीकडे. दार टाळून पालखी पुढे गेली तर त्या घरची माणसं वर्षभर तोंडं पाडून बसतात. पालखी खांद्यावर असताना ओळखीच्या घरावरून सरळ पुढे जायचं असतं, हे माझ्या पायांना माहीतच नव्हतं. ते उजवीकडे वळले.

न्हावी माझ्या पायांकडे बघत होता, तोही वळला. मागच्या सहा जणांना पुढचं काही दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, या वर्षी रस्ता बदलला. बँड सरळ निघून गेला. बाया आमच्या मागे आल्या. म्हाताऱ्याला पाच-पंचवीस पावलांनी कळलं की आपल्या मागे संत नाही. तो धावत आला आणि दांड्यावर ठोकायला लागला. एक, एक, एक! आमच्याकडे असं ठोकलं तर त्याचा अर्थ होतो, जोर करा. मी जोर केला.

पुढचं दार आम्ही कधी वापरत नव्हतो, म्हणून पाय मागच्या अंगणात गेले. टोमॅटोच्या दोन ओळी आडव्या झाल्या. न्हाव्याने बंदरात पाय घातला आणि शेकडो वर्षं चाच्यांना न जमलेली गोष्ट करत बुरूज पाडला. आणि स्वयंपाकघराच्या पायरीसमोर, अंगणात जिथे आमच्याकडे पालखी थांबते तिथेच, मी थांबलो. तेव्हा कुठे घाम पुसला आणि आपण कुठे आलोय ते बघितलं.

काकू मुद्दाम त्याच दिवशी टोमॅटोचा सॉस करायला बसत. बाहेर एवढी धडधड कसली म्हणून त्यांनी दार उघडलं. एप्रन, कोपरापर्यंत लाल हात. समोर आठ घामाघूम माणसं, त्यांच्या डोक्यावर मासा धरलेला बिशप, आणि त्याचं तोंड सरळ त्यांच्या तोंडासमोर.

कोणी हललं नाही. फादरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आजींनी त्याच्या दंडाला धरून ते बंद करवलं. म्हातारा पायरीच्या कडेला उभा होता, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता दार आपटणार. म्हाताऱ्याचं एक्केचाळीस वर्षं वाट बघणं फुकट गेलं, आणि घालवलं कोणी, तर मी. रडू येईल असं वाटायला लागलं.

काकूंनी संताकडे खूप वेळ बघितलं. मग एप्रनची कोरडी बाजू शोधली, पायरी उतरल्या, टाचा उंचावल्या आणि संताचं तोंड पुसलं. कपाळ पुसलं, नाक पुसलं, डोळ्यांच्या कोपऱ्यांतली धूळ बोटाने काढली. त्यांच्या बोलीत त्याला काहीतरी म्हणाल्या. मी नंतर आजींना अर्थ विचारला. त्या म्हणाल्या होत्या, "पुष्कळ उशीर केलास."

आता दोन ठोके पडायला हवे होते, पण म्हातारा हातोडा धरून नुसता उभा. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"कोणीतरी सांगा बे त्याला," मुकुंद मागून कण्हला, "खांदा गेला माझा."

काकूंना मराठी येत नव्हती, पण खांदेकऱ्याचा आवाज त्यांना लहानपणापासून कळत होता. त्या नवऱ्याकडे गेल्या, त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला आणि दांड्यावर दोन ठोके दिले. चौरंग आम्ही खाली टेकवलाच नव्हता, तरी सगळ्यांनी पुन्हा एकदा खांदे उचलले. मग तीन ठोके. आम्ही वळलो.

काकू पुढे चालल्या, घरातल्या सपाता घालून, एप्रनवर टोमॅटोचे डाग तसेच. पुढच्या कोपऱ्यावर बँड आम्हाला शोधत परत येत होता, त्यालाही त्यांनी हातोड्याने दिशा दाखवली. चर्चपर्यंत सगळे ठोके त्यांनीच दिले, आणि एकही चुकला नाही.

म्हातारा मागे राहिला होता. टोपी हातात घेऊन तो जपमाळवाल्या बायांच्या मधून चालला होता. नवीन आलेल्या एका पाहुण्याने त्याला विचारलं की हा संत कुठला, गाव कोणतं. म्हाताऱ्याने पुढे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ती माझी बायको."